छोट्या दवाखान्यासाठी टीबीची तपासणी कोणती घ्यावी? आणि पारखायची कशी?

डोंगरमाथा

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमच्या ट्रस्टचा दवाखाना आहे. दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, एक लॅब टेक्निशियन आणि आठवड्यातले तीन दिवस मी. एका देणगीदारांनी टीबीच्या तपासणीचं यंत्र द्यायची तयारी दाखवली आहे. "कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवा, मी पैसे भरतो," म्हणाले. गेल्या महिन्यात तीन विक्रेते येऊन गेले. तिघांच्याही माहितीपत्रकावर नव्वदच्या पुढचे टक्के छापलेले. त्यावरून ठरवायचं तर चिठ्ठ्या टाकलेल्या बऱ्या.

मी एवढा अडून का बसलोय ते सांगतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक बाई आल्या. तिशीच्या आत-बाहेर. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, अंगावरचे कपडे ढिले झालेले. आमच्याकडे स्लाइड (बेडका काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं) निगेटिव्ह आली. मला शंका होती म्हणून नमुना सीबीनॅटसाठी, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या यंत्राच्या तपासणीसाठी, पुढे पाठवला. नवव्या दिवशी रिपोर्ट हातात आला: टीबी आहे, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. म्हणजे साध्या सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा. आशाताई त्याच दुपारी घरी गेल्या तर दाराला कुलूप. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी तीन दिवसांपूर्वी निघून गेली होती. फोन नवऱ्याचा, तोही बंद. डिसेंबरात त्या सापडल्या, सांगलीकडच्या एका कारखान्याच्या तळावर, कोपीत. तोवर चार वर्षांच्या धाकट्यालाही खोकला लागला होता.

सीबीनॅटचं उत्तर बरोबरच होतं. तरी त्या बाईंना त्याचा अडीच महिने काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून मला वाटतं की आमच्यासारख्या ठिकाणी तपासणी जोखायची ती खोकल्याच्या पहिल्या भेटीपासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत. रिपोर्टच्या कागदापाशी थांबून चालणार नाही. पण हे मोजायचं कसं, हे मला नीट येत नाही. जाणकारांनी मनापासून सांगावं.

काचपट्टी

डॉक्टर, मी बावीस वर्षं स्लाइडी बघतोय. यंत्राच्या आधी डबीत काय येतं ते बघा.

आपण सगळे "थुंकी तपासणी" म्हणतो आणि तिथेच घात होतो. पेशंटला थुंकी म्हटलं की तो थुंकी आणतो. आपल्याला बेडका हवा असतो. पिवळसर, घट्ट, छातीतून आलेला, निदान दोन मिलिलिटर. पाण्यासारखी लाळ सगळ्यात महागड्या यंत्रात घातली तरी यंत्र "जंतू नाही" असंच सांगणार.

बायकांचं तर फार अवघड होतं. ओपीडीची रांग समोर, सासू शेजारी उभी. बाई भिंतीकडे तोंड करून पदराआड हळूच थुंकतात आणि डबी परत देतात. मी आता प्रत्येकीला सांगतो, आधी चूळ भरा, मग दोन-तीनदा खोल श्वास घ्या, शेवटचा रोखून धरा आणि पोटातून खोका. स्वतः करून दाखवतो. जागा उघड्यावर, वारा असलेली, रांगेच्या नजरेआड. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्यावरचा.

स्लाइडीचं म्हणाल तर मायक्रोस्कोपला जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असले तर शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा काचेचा तुकडा म्हणजे एक फील्ड) बघूनही हाती काही लागत नाही. तुमच्या बाईंचं तेच झालं असणार. आणि शंभर फील्ड खरोखर कोण बघतं? एकाच माणसाकडे हिमोग्लोबिन, मलेरियाच्या काचा, गरोदर बायांच्या लघवीच्या तपासण्या. दुपारी दोननंतर डोळे भरून येतात. मी पंधराव्या स्लाइडनंतर उठून तोंड धुऊन येतो, तेव्हा कुठे पुढची नीट बघवते.

गणिताचा तास

मी लीड्सला असते. तपासण्यांच्या अभ्यासांची आकडेमोड हे माझं रोजचं काम. मूळची बार्शीची, त्यामुळे तुमचा पट्टा माहीत आहे.

डॉक्टर, टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. समजा, खोकल्याचे 1000 पेशंट आले आणि त्यातल्या 100 जणांना खरोखर टीबी आहे. एक तपासणी 100 आजाऱ्यांपैकी 85 पकडते आणि 100 निरोग्यांपैकी 98 जणांना बरोबर "नाही" म्हणते. म्हणजे 85 सापडले, 15 सुटले आणि 900 निरोग्यांपैकी 18 जणांवर नाहक शिक्का बसला. पॉझिटिव्ह आलेल्या 103 पैकी 85 खरे. चांगलं आहे.

आता हीच तपासणी गावातल्या शिबिरात सरसकट सगळ्यांची केली, जिथे 1000 मागे 10 जणांनाच टीबी आहे असं धरू. सापडतील आठ-नऊ आणि खोटे पॉझिटिव्ह येतील वीसच्या आसपास. यंत्र तेच, पण पॉझिटिव्ह आलेल्यांत दोन-तृतीयांश लोकांना टीबी नाही. कोणाची तपासणी करता यावर उत्तराचा अर्थ इतका बदलतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. लांबच्या लॅबमधली तपासणी 85 पकडते, पण रिपोर्ट येईपर्यंत चारातला एक हातचा जातो असं धरा. उपचार सुरू होतात 64 जणांचे. जागेवरची तपासणी कमी तीक्ष्ण, 73 च पकडते, पण पेशंट बसलेला असतानाच उत्तर देते. सगळ्यांना त्याच दिवशी गोळ्या दिल्या तर 73. कमी टक्केवारीची तपासणी नऊ माणसं जास्त वाचवते. तोल कुठे बदलतो तेही काढता येतं: लांबच्या रिपोर्टची वाट बघताना 100 तले 14 हून जास्त पेशंट सुटत असतील तर जागेवरची जिंकते. म्हणून विक्रेत्याच्या आधी तुमचंच मागच्या दोन वर्षांचं रजिस्टर उघडा. किती जण सुटले तो तुमचा आकडा आहे, तो कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

विक्रेत्यांना एवढं जरूर विचारा. तुलना कशाशी केली? टीबीत कल्चरशी, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याशी, व्हायला हवी; द्रव माध्यमातल्या कल्चरला 42 दिवसांपर्यंत वाट बघावी लागते, म्हणून पुष्कळ जण ती टाळून स्लाइडशीच तुलना करतात. पेशंट कसे निवडले? एका बाजूला तीन प्लसवाले, म्हणजे स्लाइडवर जंतूच जंतू दिसणारे, जुने पेशंट आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत विद्यार्थी घेतले तर कुठलीही तपासणी चमकते. तुमच्याकडे येतात ते मधले: दम्याचे, तंबाखूचे, पूर्वी टीबी होऊन गेलेले. तपासणाऱ्याला कल्चरचं उत्तर आधी माहीत होतं का? आणि फसलेल्या तपासण्या, एरर आलेल्या, त्या हिशेबात धरल्या की गुपचूप वगळल्या? हा शेवटचा प्रश्न विचारला की बरेचदा समोरचा माणूस कागद चाळू लागतो.

डोंगरमाथा

ताई, 14 चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. रजिस्टर आज रात्रीच काढतो.

काचपट्टी दादा, आमच्याकडे नमुना घ्यायची जागा म्हणजे जिन्याखालचा कोपरा आहे. वाचताना लाज वाटली. हे आधी बदलतो.

वेर्णेकर

ट्रूनॅट हे टीबीच्या तपासणीचं यंत्र आमच्या गोव्यातलं, म्हणून लिहितो. मी त्या कंपनीत नाही. दोन आरोग्य केंद्रांत हे यंत्र वापरणाऱ्या लोकांबरोबर काम केलंय एवढंच.

बंगळूरच्या बिगटेकने तंत्र उभं केलं, वेर्ण्याच्या मोलबायोने यंत्र बाजारात आणलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. दोन डबे असतात. पहिल्यात बेडक्यातून जंतूंचा डीएनए वेगळा काढतात, दुसऱ्यात छोट्या चिपवर तो वाढवून ओळखतात. तासाभरात टीबी आहे की नाही कळतं. पॉझिटिव्ह आलं तर तोच डीएनए दुसऱ्या चिपवर टाकून आणखी तासाभरात रिफाम्पिसिनचं कळतं. बॅटरीवर चालतं, वीज गेली म्हणून काम अडत नाही. तुमच्याकडे याला मोठी किंमत आहे.

भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी इथल्या प्राथमिक केंद्रांवर त्याचा मोठा अभ्यास झाला. कल्चरशी तुलना करता साधी चिप 73 टक्क्यांच्या आसपास आणि प्लस नावाची चिप 80 च्या आसपास आजारी पकडते असं दिसलं. ताईंचा 73 बहुतेक तिथूनच आलाय.

खोड एकच. मधे हाताचं काम आहे. पिपेटने सहा मायक्रोलिटर उचलून चिपच्या खाचेत सोडायचे. बुडबुडा आला की चिप फुकट. शिकायला अवघड नाही, पण माणूस टिकला पाहिजे. मी एका ठिकाणी बघितलं, शिकलेली मुलगी बदलून गेली आणि यंत्रावर चार महिने कापड झाकलेलं होतं.

सीबीनॅटची, म्हणजे जीनएक्स्पर्टची गोष्ट उलटी. बेडक्यात द्रावण मिसळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कार्ट्रिजमध्ये ओतायचं, बटण दाबायचं. हाताचं काम जवळजवळ नाहीच. पण खोली थंड लागते, अखंड वीज लागते, कार्ट्रिज 28 अंशांच्या वर ठेवायची नाहीत. मे महिन्यात तुमच्या खोलीचा पारा किती असतो ते तुम्हीच सांगा.

ओवी

यंत्राबद्दल मला कळत नाही, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. रक्तातली "टीबी टेस्ट" कोणी स्वस्तात देऊ केली तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

2009 साली माझ्या आईला ताप येत होता. एका खासगी लॅबमध्ये रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी केली. पॉझिटिव्ह. चार महिने टीबीच्या गोळ्या. कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे. शेवटी निघालं वेगळंच, थायरॉइडच्या ग्रंथीला सूज होती. बेडका कोणी मागितलासुद्धा नव्हता.

गणिताचा तास

ओवीताई, आईंना सोसावं लागलं ते फार लोकांना सोसावं लागलंय. त्या अँटीबॉडी तपासण्यांची छाननी झाली तेव्हा त्या निरोग्याला आजारी आणि आजाऱ्याला निरोगी ठरवतात असं दिसलं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने "या वापरू नका" असं स्पष्ट सांगितलं आणि जून 2012 मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद केली. वर्षानुवर्षं विकल्या गेल्या, कारण त्या सोप्या होत्या. सुई टोचली की झालं, बेडका काढायची कटकट नाही.

मांटू, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी (या दोन्ही कातडीत टोचून करायच्या), किंवा इग्रा नावाची रक्ततपासणी या वेगळ्या. शरीरात जंतू कधी शिरला होता का, एवढंच त्या सांगतात. आज आजार आहे का, ते नाही. घरातल्या संपर्कातल्या लोकांसाठी उपयोगी, खोकणाऱ्याचं निदान त्यावरून करायचं नाही.

टेबल माउंटन

केपटाऊनहून. इथे दवाखान्यांमधल्या टीबीच्या कामात आहे. डॉक्टरांनी मांडलेला प्रश्न इथे प्रत्यक्ष तपासला गेलाय, तो सांगतो.

दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानियातल्या प्राथमिक दवाखान्यांत एक्स्पर्टचं, म्हणजे तुमच्या सीबीनॅटचं, यंत्र ठेवून ते नर्सच्या हाती दिलं. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले. नर्सने केलेली तपासणी लॅबवाल्याइतकीच बरोबर निघाली. त्याच दिवशी उपचार सुरू होणारे पेशंट वाढले. पण काही महिन्यांनी पेशंटच्या तब्येती पाहिल्या तर स्लाइडवर अवलंबून असलेल्या गटापेक्षा फरक नव्हता. कारण तिथले डॉक्टर स्लाइड निगेटिव्ह आली तरी लक्षणं आणि एक्स-रे बघून गोळ्या सुरू करतच होते.

मला यातून जे शिकायला मिळालं ते असं: नवी तपासणी नसती तर तुम्ही त्या पेशंटचं काय केलं असतं, तेही लिहून ठेवा. प्रत्येक संशयिताला तुम्ही आधीच एक्स-रेवर गोळ्या देत असाल तर यंत्राने सापडणारे पेशंट फारसे वाढणार नाहीत, नाहक गोळ्या खाणारे मात्र कमी होतील. तोही फायदाच आहे.

युगांडात 20 आरोग्य केंद्रांवर पुढचा प्रयोग झाला, 2021 मध्ये छापला. निम्म्या केंद्रांत जागेवर यंत्र, निम्म्यांत पूर्वीचीच पद्धत, म्हणजे जागेवर स्लाइड आणि नमुना पुढे पाठवणं. यंत्र दिलेल्या केंद्रांत उपचारावर आलेले पेशंट चांगले वाढले. पण तिथे फक्त यंत्र नव्हतं. पेशंट कुठून कुठे जातो, कुठे बसतो, कोण त्याला उत्तर सांगतो हे सगळं नव्याने बसवलं, आणि दर महिन्याला केंद्राला त्याचेच आकडे दाखवले. हा भाग देणगीतून येत नाही, तो तुम्हालाच करावा लागेल.

काचपट्टी

सगळे यंत्राकडे निघालेत म्हणून सांगतो, मायक्रोस्कोप कपाटात टाकू नका. डीएनएची तपासणी मेलेल्या जंतूलाही पकडते. गोळ्या लागू पडताहेत का ते दोन महिन्यांनी बघायला स्लाइडच करावी लागते. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसात पुसट पॉझिटिव्ह आलं तर लगेच गोळ्या सुरू करू नका, कल्चरला पाठवा.

जमलं तर एलईडीचा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप बघा. काळ्या पडद्यावर जंतू पिवळे चमकतात, कमी वेळात जास्त फील्ड होतात आणि साध्या स्लाइडपेक्षा थोडे जास्त पेशंट सापडतात.

सहा महिने पूर्ण

मी डॉक्टर नाही. 2016 ला मला टीबी झाला, आता बरा आहे. एक विनंती. तपासणी तासाभरात होईल तेव्हा उत्तर सांगायला वेगळी जागा ठेवा. मला खिडकीतून नाव पुकारून सांगितलं, "टीबी निघालाय, तोंडाला रुमाल बांधा." बाकावर बसलेले लोक सरकले. त्यात माझ्या भाच्याच्या वर्गातल्या मुलाचे वडील होते. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पहिली गोळी मी आठ दिवसांनी घेतली, कारण त्या दारात परत जायची हिंमत होत नव्हती. तेव्हा मोजणार असाल तर हे आठ दिवसही मोजा.

डोंगरमाथा

तुमचे आठ दिवस वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. ते माझ्या तक्त्यात यायलाच हवेत, आले आहेत.

रजिस्टर काढलं. पुढे पाठवलेल्या नमुन्यांपैकी रिपोर्ट आला तेव्हा पेशंट गावात नव्हता किंवा परत फिरकलाच नाही, अशा नोंदी ताईंच्या 14 च्या रेघेच्या पुष्कळ वर आहेत. दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत तर फारच. बाकीच्या वर्षात तितक्या नाहीत. हे मला आजवर दिसलं नव्हतं, रोज तेच रजिस्टर हाताळत असून.

देणगीदारांना ट्रूनॅट सुचवतोय. मे महिन्यात आमची लॅबची खोली चाळिशीला टेकते आणि वीज दुपारी जाते, त्यामुळे दुसरा विचार फार करावा लागला नाही. पण यंत्र घ्यायच्या आधी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना भेटणार आहे. चिप सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मिळणार की आम्हीच घ्यायच्या, हे ठरल्याशिवाय यंत्र आणलं तर वेर्णेकरांनी सांगितलेलं कापड आमच्याकडेही पडेल. लॅबच्या मुलीबरोबर नर्सलाही शिकवून ठेवणार, म्हणजे एक गेली तर काम थांबणार नाही.

पहिले सहा महिने प्रत्येक पेशंटसाठी एक ओळ लिहायची. खोकला कधी सुरू झाला, दवाखान्यात कधी आला, बेडका कसा होता, किती वाजता यंत्रात गेला, एरर आली का, उत्तर किती वाजता आलं, पेशंटला किती वाजता आणि कुठे सांगितलं, पहिली गोळी कधी घेतली. शेवटच्या रकान्यात: यंत्र नसतं तर मी काय केलं असतं. हा रकाना तपासणीच्या आधी भरायचा, उत्तर कळल्यावर भरला तर मी स्वतःलाच फसवीन. निगेटिव्ह आलेल्यांना दोन आठवड्यांनी परत बोलवायचं, खोकला तसाच असेल तर एक्स-रे आणि कल्चर. स्लाइडमध्ये न दिसणारे पेशंट एक्स्पर्टलाही तीनात दोनच सापडतात, त्यामुळे "निगेटिव्ह, घरी जा" हे वाक्य दवाखान्यातून बंद.

गणिताचा तास

उत्तर यायच्या आधी शेवटचा रकाना भरायचा, हे फार मोलाचं आहे. एक भर घाला: ज्यांना बेडका आलाच नाही त्यांचीही ओळ लिहा. नाहीतर ते हिशेबातून गायब होतात, आणि लहान मुलं सगळी त्यातच जातात.

ओवी

डॉक्टर, त्या बाई आणि त्यांचा मुलगा कसे आहेत?

डोंगरमाथा

बाईंचा निक्षय क्रमांक, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, होता, त्यावरून कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात गोळ्या सुरू झाल्या आणि गावी परतल्यावर आमच्याकडे पूर्ण झाल्या. वजन वाढलंय. मुलाला बेडका काढता येईना. इतकी लहान मुलं तो गिळूनच टाकतात. म्हणून उपाशीपोटी नळी घालून जठरातला नमुना घ्यावा लागला, फार रडला बिचारा. त्याच्याही गोळ्या संपल्या. आता अशा मुलांच्या शौचाच्या नमुन्यावर एक्स्पर्ट करता येतं, तेव्हा आमच्याकडे कोणाला ते माहीत नव्हतं. मुलांचे नमुने तालुक्याला तसे पाठवायची सोय लावतोय.

यंदाही त्यांनी मुकादमाची उचल घेतली आहे. जायच्या आधी दोघांना दाखवून जायला सांगितलंय.

काचपट्टी

मी येत्या रविवारी मोकळा आहे. नमुन्याची जागा बघायला येतो, तुमच्या लॅबच्या मुलीला घेऊन बसतो. तिला सांगा, मागच्या महिन्यातल्या सगळ्या स्लाइडी ठेव, पुसू नको. निगेटिव्ह लिहिलेल्या आधी बघू.